पॅरालिसिससाठी शरीरात बसवलेली विद्युत उत्तेजन यंत्रं किती वर्षं साथ देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याला मार लागून हात, पाय, मूत्राशय किंवा श्वास यांवरचा ताबा गेलेल्यांसाठी शरीरात बसवायची स्टिम्युलेटर यंत्रं असतात. त्यांच्याबद्दल ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यंत्र बसवलेलं माणूस घरात असेल तर प्रश्न १० आणि १३ घरातल्या सगळ्यांनी वाचा, कारण त्या दोन बाबतींत चूक झाली तर निस्तरायला वेळ मिळत नाही.

१. यंत्र बसवलं की पॅरालिसिस बरा होतो का?

नाही. मज्जारज्जूत जिथे संदेश अडतो तिथे तो अडलेलाच राहतो. यंत्र त्या जागेच्या खालच्या, शाबूत असलेल्या नसेला विजेचे बारीक ठोके देतं आणि ती नस स्नायूला आवळायला लावते. यंत्र बंद केलं की हालचालही थांबते. हाताच्या यंत्रात सेकंदाला साधारण १२ ते १६ ठोके पडतात, उभं राहण्यासाठी पायांना २०च्या आसपास. एक ठोका जेमतेम सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका आणि २० मिलिअँपिअरच्या आसपासचा असतो. हाताची पकड, खुर्चीवरून पलंगावर जाण्यापुरतं उभं राहणं, चालताना घसटणारं पाऊल उचलणं, लघवी करणं आणि श्वास घेणं या कामांसाठी अशी यंत्रं वापरली गेली आहेत. प्रत्येक कामाचं यंत्र वेगळं असतं.

२. भावाचे दोन्ही पाय लुळे आहेत. त्याला हे बसवता येईल का?

लुळे म्हणजे कसे, यावर सगळं अवलंबून आहे. पाय अधूनमधून आपोआप झटकत असतील, आखडत असतील, तर खालच्या नसा बहुधा जिवंत आहेत. पाय कायम ढिले असतील, मांड्या-पोटऱ्या पार सुकल्या असतील, तर दुखापत मज्जारज्जूच्या शेपटाला किंवा त्यातून निघणाऱ्या नसांना झालेली असू शकते. ही यंत्रं स्नायूला नसेमार्फतच चालवतात, त्यामुळे नसच मेली असेल तर उपयोग नाही. पोलिओने गेलेल्या स्नायूंनाही हेच लागू.

याची चाचणी ऑपरेशनशिवाय होते. फिजिओकडच्या साध्या स्टिम्युलेटरचे पॅड त्वचेवर लावून नेहमीचे आखूड ठोके द्यायचे. स्नायू स्पष्ट आवळला तर नस शाबूत आहे. शंका राहिली तर नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी आणि एनसीव्ही, करून घ्यायची. श्वासाच्या यंत्रासाठी मानेतली फ्रेनिक नस अशीच तपासतात. कोणी ही चाचणी न करता थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा.

३. एकदा बसवलं की किती वर्षं चालतं?

आतला भाग लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच टिकाऊ असतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला विकसित झालेलं फ्रीहँड नावाचं हाताचं यंत्र पहिल्यांदा १९८६ साली बसवलं गेलं. अशा हाताच्या यंत्रांमधल्या २३८ इलेक्ट्रोडचा, म्हणजे ठोका देणाऱ्या वायरीच्या टोकांचा, हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक इलेक्ट्रोड किमान ३ वर्षं शरीरात होता, काही १६ वर्षांहून जास्त. त्यात इलेक्ट्रोड-वायरचे बिघाड फक्त तीन निघाले आणि जंतुसंसर्ग एका इलेक्ट्रोडला झाला. स्नायू आवळायला लागणारा करंटही वर्षानुवर्षं जवळपास तेवढाच राहिला.

मूत्राशयाच्या ब्रिंडली यंत्राचा पहिल्या ५०० रुग्णांचा अनुभव १९९० च्या दशकात मांडला गेला. त्यात इम्प्लांटच्या जवळपास २० वर्षांच्या वापरामागे एक बिघाड असं प्रमाण होतं. म्हणजे २० जणांनी एकेक वर्ष वापरलं तर त्यांच्यात मिळून साधारण एक बिघाड. ही सरासरी आहे. कोणाचं दुसऱ्या वर्षी बिघडेल, कोणाचं पंचवीस वर्षं चालेल.

टिकण्यामागे ठोस कारणं आहेत. वायर सरळ नसते, स्प्रिंगसारखी गुंडाळून सिलिकॉनमध्ये घातलेली असते, त्यामुळे सांधा वाकला तरी धातूवर ताण कमी येतो. प्रत्येक ठोक्यामागोमाग तेवढाच उलटा ठोका दिला जातो. त्यामुळे इलेक्ट्रोडच्या टोकाशी विद्युतभार साठत नाही, धातू झिजत नाही आणि पेशी जळत नाहीत.

मात्र यंत्र चालू असणं आणि माणूस ते वापरत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घरची माणसं बदलतात, खांदा दुखायला लागतो, बाहेरची केबल मिळेनाशी होते आणि चांगलं चालणारं यंत्र पडून राहतं. आमच्या मते ‘किती वर्षं चालतं’ याआधी ‘दहा वर्षांनी याची केबल कोण देणार’ हे विचारायला हवं. (प्रश्न १६ पाहा.)

४. आत बॅटरी असते का? ती बदलायला पुन्हा ऑपरेशन?

फ्रीहँड, ब्रिंडली आणि फ्रेनिक नसेचे जुन्या पद्धतीचे पेसर (श्वासाची यंत्रं) यांच्यात आत बॅटरी नसते. बाहेरच्या पेटीला जोडलेली कॉइल त्वचेवर ठेवली की तिच्यातून वीज आणि संदेश दोन्ही आत जातात. बॅटरी संपली तर ती बाहेरची असते, घरीच बदलायची.

काही नव्या यंत्रांत आणि पाठीच्या कण्यातल्या एपिड्युरल स्टिम्युलेटरमध्ये बॅटरी आत असते. ती चार्ज होणारी नसेल तर संपल्यावर पेटी बदलायचं छोटं ऑपरेशन ठरलेलं. चार्ज होणारी असेल तर बरीच जास्त वर्षं जातात, पण चार्जिंगचा नेम पाळावा लागतो. आखडणं कमी करणाऱ्या बॅक्लोफेन औषधाच्या पंपाबद्दलही हा प्रश्न येतो. त्यात वीज नव्हे, औषध सोडलं जातं, त्यामुळे या पानावरचे आकडे त्याला लावू नका.

५. ऑपरेशननंतर लगेच हात चालेल का?

लगेच नाही. इलेक्ट्रोडभोवती शरीर स्वतःचं पातळ आवरण तयार करतं आणि त्यानेच तो जागेवर धरला जातो. तोवर, म्हणजे पहिले काही आठवडे, हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवतात. या काळात ओढाताण झाली तर इलेक्ट्रोड सरकतो आणि शेजारचाच स्नायू आवळायला लागतो. खुर्चीवरून उचलताना त्या हाताला किंवा काखेला धरून उचलू नका. आवरण तयार होताना करंटची गरज थोडी बदलते, म्हणून अंतिम सेटिंग नंतर करतात.

मग स्नायूंची तयारी सुरू होते. अनेक वर्षं न वापरलेला स्नायू दोन-तीन मिनिटांतच दमतो. त्याला रोज ठरलेल्या कार्यक्रमाने ठोके देत आठवड्याआठवड्याला वेळ वाढवायचा. पुष्कळ जण हा व्यायाम रात्री झोपेत चालू ठेवतात.

६. आधी ग्लास नीट पकडता यायचा, आता पकड सुटते. यंत्र गेलं का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा दोष आतल्या इम्प्लांटमध्ये नसतो. याच क्रमाने तपासा:

१) बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जरचा प्लग दुसऱ्या सॉकेटला लावून पाहा.

२) यंत्र चालू ठेवून बाहेरची केबल दोन्ही टोकांशी, कनेक्टरच्या अगदी मुळाशी, हळू वाकवा. दिवा लुकलुकला किंवा पकड येऊन-जाऊन झाली तर केबल आतून तुटली आहे. वरचं रबर साबूत दिसतं, त्यावर जाऊ नका. म्हणून दुसरी केबल आणि दुसरी कॉइल घरात हवीच.

३) कॉइल आतल्या रिसीव्हरवर बरोबर बसली आहे का? एकेक सेंटिमीटर सरकवून पाहा. वजन वाढलं किंवा सूज आली की दोन्हींमधलं अंतर वाढतं आणि करंट कमी पोहोचतो.

४) आता कोणते स्नायू गेले ते बघा. सगळेच एकदम बंद असतील तर दोष बाहेरच्या पेटीत, कॉइलमध्ये किंवा क्वचित आतल्या रिसीव्हरमध्ये. एकच बोट किंवा फक्त अंगठा गेला असेल तर त्या एका वायरवर किंवा तिच्या जोडावर संशय. सगळेच थोडे थोडे कमजोर असतील तर दोष बहुधा स्नायूंत आहे: आजारपणात किंवा गावी गेल्यावर दोन-तीन आठवडे व्यायाम चुकलेला असतो.

५) ठोका दिल्यावर नको तिथे फुरफुरलं, किंवा जिथे थोडी संवेदना आहे तिथे चुरचुरलं, तर वायरवरचं सिलिकॉन फाटून करंट मध्येच झिरपत असेल. यंत्र बंद करा आणि दाखवायला जा.

यंत्राशी संबंध नसलेली कारणंही असतात. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, आत वळलेलं नख यांनी आखडणं वाढतं आणि उघडणारी बोटं उघडत नाहीत. सांधाच कडक झाला असेल तर कितीही करंट दिला तरी बोट तिथवरच येणार. आणि औषधं तपासाच. आखडणं कमी करणारं डँट्रोलिन थेट स्नायूवर काम करतं, त्यामुळे यंत्राने येणारी ताकदही कमी होते. बॅक्लोफेन मज्जारज्जूत काम करतं, त्याने फारसा फरक पडत नाही. आखडणं कमी करायला कोणी त्याच स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर साधारण तीन महिने तो स्नायू यंत्राला नीट दाद देणार नाही, कारण बोटॉक्स नस आणि स्नायू यांच्यामधला दुवाच बंद करतं.

७. आतली वायर तुटली तर सगळं काढावं लागतं का?

सहसा नाही. अनेक यंत्रांत वायरीच्या मधोमध जोड ठेवलेला असतो, तिथून तेवढीच वायर बदलता येते. आधी दोन बाजूंनी एक्स-रे काढून ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशी ताडून पाहतात. तो जुना एक्स-रे हरवू नका. यंत्राला वायरीचा विद्युतरोध मोजता येत असेल तर काम सोपं होतं: रोध एकदम वाढला तर वायर तुटली, एकदम घटला तर आवरण फाटलं.

८. पावसाळ्यात कॉइलखालची कातडी लाल होते. काय करू?

जून ते सप्टेंबर हा प्रश्न थांबत नाही. घाम, दमट हवा आणि चिकटपट्टी एकत्र आली की कातडी कुजल्यासारखी पांढरी पडते आणि पट्टी ओढताना वरचा थर सोबत निघतो. तिथे संवेदना नसल्यामुळे माणसाला कळत नाही, म्हणून बघण्याचं काम घरच्यांचं. कॉइल काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत लाली गेली तर ठीक. अर्ध्या तासानंतरही टिकली तर त्या दिवशी कॉइल लावू नका.

पट्टी कोमट पाण्याने भिजवून, कातडीला समांतर धरून काढा. जागा कोरडी होऊ द्या. पावडर, तेल, बाम काही लावू नका, पट्टी चिकटत नाही आणि मग लोक ती जास्त घट्ट लावतात. चिकटपट्टीऐवजी मऊ सुती पट्ट्याने किंवा बनियनला आतून शिवलेल्या खिशात कॉइल बसत असेल तर आपल्याकडच्या हवेत तेच उत्तम. रात्री पेटी आणि केबल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तो गंज आहे. खरवडू नका, केबल बदला.

९. लघवीचं इम्प्लांट बसवलं तर कॅथेटर कायमचा सुटतो का?

बहुतेकांचा सुटतो, पण त्याची किंमत आधी समजून घ्या. ब्रिंडली यंत्र कमरेखालच्या सेक्रल नसांच्या पुढच्या मुळांना ठोके देतं. त्याने मूत्राशय आणि लघवी अडवणारा स्नायू दोन्ही एकदम आवळतात. अडवणारा स्नायू झटकन ढिला होतो, मूत्राशय सावकाश, त्यामुळे ठोक्यांच्या दोन लाटांमधल्या सेकंदांत लघवी बाहेर येते. धार थांबत थांबत येते, हा बिघाड नाही. बहुतेकांच्या मूत्राशयात शेवटी ५० मिलिलीटरपेक्षा कमी लघवी उरते, म्हणून संसर्गही कमी होतो.

किंमत ही की याच ऑपरेशनमध्ये सहसा मागची मुळं कापतात. त्याने लघवी आपोआप सुटणं थांबतं आणि मूत्रपिंडावरचा दाब कमी होतो. पण पुरुषाची स्पर्शाने येणारी ताठरता जाते आणि तिथे काही संवेदना उरली असेल तर तीही जाते. कापलेली मुळं परत जोडता येत नाहीत. नवरा-बायकोने डॉक्टरांसमोर एकत्र बसून हे बोलून मगच सही करावी.

काही वर्षांनी उरलेली लघवी वाढायला लागली तर आधी प्रश्न ६ मधली बाहेरची तपासणी करा, मग सोनोग्राफी.

१०. फिजिओने सांगितलं, खांद्याला मशीनचा शेक घेऊ. चालेल?

शॉर्टवेव्ह (एसडब्ल्यूडी) किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी, म्हणजे लहरींनी आतून शेक देणारं मशीन, शरीराच्या कोणत्याही भागावर, कधीही नाही. इम्प्लांट बंद असलं तरी नाही. मशीनच्या लहरी वायरीत शिरतात आणि इलेक्ट्रोडच्या टोकाशी पेशी अक्षरशः भाजतात. मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या दोन रुग्णांचा डायथर्मीनंतर मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००२ साली सर्व वायरवाल्या इम्प्लांटसाठी याबद्दल इशारा दिला.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘शेक’ म्हटलं की कोणतं मशीन लावणार ते रुग्णाला कळत नाही. म्हणून पलंगावर झोपायच्या आधीच सांगा: “अंगात वायर आहेत, एसडब्ल्यूडी लावायचं नाही.” आयएफटी (पॅड लावून करंट देणारं मशीन) आणि अल्ट्रासाउंडसुद्धा इम्प्लांटच्या जागेजवळ नको. गरम पाण्याची पिशवी विद्युतदृष्ट्या चालते, पण संवेदना नसलेल्या कातडीवर तीही भाजते.

११. एमआरआय, सीटी, दात काढणं, दुसरं ऑपरेशन?

एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी चालते. एमआरआय मॉडेलवर अवलंबून आहे: काहींना ठरावीक ताकदीच्या मशीनमध्ये ठरावीक अटींवर परवानगी असते, काहींना अजिबात नाही. कार्डावरचा मॉडेल क्रमांक बघून लेखी उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका. साधं दातांचं काम चालतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये सर्जनला बायपोलर कॉटरी (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण) वापरायला सांगा. मोनोपोलर अटळ असेल तर तिच्या करंटची वाट इम्प्लांटवरून जाता कामा नये.

१२. मेट्रो, मॉल, विमानतळाची मशीन? ऐरोलीत घरासमोर हाय टेन्शन लाईन आहे.

दारावरच्या चौकटीतून न थांबता जा, तिला टेकून उभे राहू नका. हातातला डिटेक्टर इम्प्लांटवर धरून ठेवू देऊ नका, कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. लोकलच्या प्लॅटफॉर्मवर आणि डब्यात बसायला हरकत नाही. घरापासून नेहमीच्या अंतरावरच्या हाय टेन्शन लाईनने अडचण येत नाही. सबस्टेशनच्या कुंपणाच्या आत आणि वेल्डिंग चालू असेल तिथे जवळ जाऊ नका.

१३. यंत्र चालू असताना डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल तर ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकते. रक्तदाब झपाट्याने चढतो. यंत्र लगेच बंद करा. माणसाला ताठ बसवा, पाय खाली सोडा. पट्टे, मोजे, पँट ढिली करा. कॅथेटर पिळला गेला आहे का, मूत्राशय तुंबलं आहे का, ते बघा, मग शौच. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा १५० च्या वर टिकला तर थेट हॉस्पिटल. या लोकांचा नेहमीचा आकडा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसल्यावर “नॉर्मल आहे” म्हणणाऱ्याला हे आवर्जून सांगा.

१४. श्वासाचा पेसर बसला. आता व्हेंटिलेटर परत करू का?

करू नका. पेसरची केबल तुटली तर काही मिनिटं एवढाच अवधी असतो. दुसरा ट्रान्समीटर, दुसरी अँटेना, चार्ज असलेला व्हेंटिलेटर आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) पलंगाशी हवी. पेसर बाहेरच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेल्याने तो थांबत नाही. व्हेंटिलेटर आणि सक्शन मशीन थांबतात, म्हणून इन्व्हर्टर त्यांच्यासाठी. गळ्यातलं छिद्र बंद करायची घाई नको: झोपेत पेसर श्वासपटल ओढतो, पण घशाचे स्नायू त्याच्या तालात उघडत नाहीत आणि श्वास वरच अडतो. ज्या प्रकारात वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येतात, तिथे ती जागा रोज तपासायची.

१५. बसवून वर्षं झाली, तरी आता इन्फेक्शन होऊ शकतं?

होऊ शकतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला संसर्ग जखमेतून येतो, नंतरचा बहुधा बेडसोर किंवा लघवीतून रक्तामार्गे. इम्प्लांटच्या जागी सूज, गरमपणा, लाली किंवा पाणी दिसलं तर घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नका, आधी नमुना तपासायला द्या. जंतू यंत्रावर बसले तर गोळ्यांनी जात नाहीत, बऱ्याचदा यंत्र काढावंच लागतं. बेडसोर चालू असताना नवीन इम्प्लांट बसवून घेऊ नका.

१६. कंपनीच बंद पडली तर?

हे घडलं आहे. फ्रीहँडला एफडीएची मंजुरी १९९७ साली मिळाली, जगभरात दोनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं आणि २००१ साली ते विकणाऱ्या न्यूरोकंट्रोल कंपनीने विक्री थांबवली. यंत्रं शरीरात चालूच होती. प्रश्न बाहेरच्या सुट्या भागांचा आला.

म्हणून सही करण्याआधी लेखी घ्या: बाहेरचे भाग किती वर्षं मिळतील, भारतात कोण दुरुस्त करणार, दुसरा संच किमतीत धरला आहे का, सेटिंग करणारं सॉफ्टवेअर इथल्या हॉस्पिटलात राहणार का. प्रयोगातलं यंत्र असेल तर प्रयोग संपल्यावर काढण्याचा किंवा सांभाळण्याचा खर्च कोणाचा, हेही. घरी एका फाइलमध्ये इम्प्लांट कार्ड, ऑपरेशनची नोंद, पहिला एक्स-रे आणि प्रत्येक स्नायूचं सेटिंग ठेवा, फोटो मोबाइलमध्येही. बिघाडाची तक्रार वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून चालू असलेल्या सरकारी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात रुग्णालाही नोंदवता येते.

१७. ठाणे-नवी मुंबईत आधी कुठे दाखवावं?

ही यंत्रं कमी संख्येने बनतात, म्हणून ‘कुठे बसवतात’ याच्या आधी ‘लागू पडेल का’ हे ठरवा. त्यासाठी पुनर्वसन वैद्यकशास्त्राचा, म्हणजे पीएमआरचा, डॉक्टर हवा. हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था याच कामाची आहे. प्रश्न २ मधली चाचणी जवळच्या फिजिओकडेही होते, तिचा कागद सोबत न्या.

१८. माणूस गेल्यावर दहनाआधी यंत्र काढावं लागतं का?

आत बॅटरी असेल तर हो, ती उष्णतेने फुटते. डॉक्टरांना मृत्यूचा दाखला लिहितानाच सांगा. बॅटरी नसलेलं यंत्र तसंच राहिलं तरी चालतं.

१९. पुढे नवीन उपचार आला तर हे इम्प्लांट आड येईल का?

वायर आणि पेटी काढता येतात, त्यामुळे ती फारशी आड येत नाहीत. अडचण दोन ठिकाणी आहे. कापलेल्या मुळांचं नुकसान कायमचं (प्रश्न ९). आणि नव्या उपचारांच्या अनेक चाचण्या (ट्रायल) अंगात दुसरं विद्युत यंत्र असलेल्यांना घेत नाहीत, एमआरआय करता येत नाही हेही एक कारण. एपिड्युरल स्टिम्युलेशनने काही जण आधार घेऊन पावलं टाकू लागले आहेत, पण त्यामागे महिनोन्‌महिने रोजचा सराव आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाने त्याची वाट बघावी की आजच हाताची पकड मिळवावी? ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, त्याने निव्वळ आशेवर वर्षं घालवू नयेत असं आम्हाला वाटतं. मात्र परत फिरवता न येणारी कापाकापी असेल तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि वाट बघायची ठरवलीत तरी सांधे मोकळे ठेवा, बेडसोर होऊ देऊ नका, स्नायूंना त्वचेवरच्या पॅडने व्यायाम चालू ठेवा. कडक झालेल्या बोटांवर जुनं यंत्र चालत नाही, नवीनही चालणार नाही.